ठोसाहेबाचं पिस्तूल

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जुन्या पिस्तुलांबद्दल आमच्या अख्ख्या कुडवा गावात माझ्याइतकं कोणालाही कळत नाही! आता कुडव्यात ते कळून घ्यायची कोणाला गरजही पडत नाही, हा भाग वेगळा. पण ज्ञान ते ज्ञान. ऑफिसात दुपारच्या सुट्टीत बाकीचे कारकून मोबाईलवर क्रिकेट बघतात, तेव्हा हा गजेंद्र डबा खाता खाता जुन्या पिस्तुलांचे व्हिडिओ बघत असतो. लोक हसतात. हसोत!

तर अशाच एका दुपारी मी एक पिस्तूल मागवलं. घाबरू नका, खरं नव्हे! जुन्या काळच्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल, भिंतीवर टांगायची. पितळी मूठ, काळपट लाकूड, वर बाकदार घोडा. नळी आतून भरीव, त्यातून गोळी तर सोडाच, मुंगीसुद्धा गेली नसती. पण हातात घेतलं की माणूस आपोआप छाती काढून उभा राहायचा.

"हे काय आणलं?" दामिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"चकमकीचं पिस्तूल! जुन्या साहेब लोकांचं!"

"पडदे फाटले ते दिसत नाही. पिस्तूल दिसते बरोबर."

असा टोमणा मारला की माझ्यातला शिक्षक जागा होतो. मी तिला पोळपाटासमोरच धडा दिला. "हे बघ, हा घोडा. याच्या दातात गारगोटी पकडलेली असते. समोर ही पोलादी पाती उभी. खटका दाबला की घोडा सुटतो, गारगोटी पातीवर घासते आणि ठिणग्या उडतात. त्या पडतात या छोट्या वाटीत. वाटीत असते चिमूटभर बारीक दारू. ती भुर्रकन पेटते, तिची आग एका बारीक भोकातून नळीत शिरते, आत ठासलेली दारू पेटते आणि मग धडाम!"

"मंग दाबा न खटका."

मी घोडा ओढला, खटका दाबला. खट्ट झालं. तेवढंच.

"याला भोक नसतं," मी म्हटलं. "आणि दारू भरायची पण नसते. शोभेचं आहे."

"मंग इतकं कायले सांगून रायले?" म्हणत तिनं ते बाजूला सारलं. पण लगेच परत उचललं आणि उलटंसुलटं करून बघितलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "अहो, हे बाबाले देता येईल का? मंडईसाठी?"

आता तुम्हाला माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं.

मामाजी, म्हणजे शालीकराम, दरेकशाच्या बाजूला एका खेड्यात राहतात. धानाची शेती. उंचेपुरे, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर शेजारच्या गावचे बैल थांबतात. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. लेकीजावई येतात, पाहुणेरावळे येतात, दुकानं लागतात आणि दिवसाउजेडी दंडार होते. दंडार म्हणजे गावातल्याच लोकांनी केलेलं नाचगाणं, सोंगं आणि छोटं नाटक. मामाजींच्या गावच्या दंडारीत शेवटी साहेबाचा प्रवेश असतो. जंगलातला बागी साहेबाला आव्हान देतो, साहेब त्याला गोळी घालतो, बागी मरता मरता भाषण करतो आणि पब्लिक डोळे पुसते. साहेब म्हणजे कायम मामाजी. बागी म्हणजे कायम त्यांचा दोस्त उदेभान. माझ्या लग्नाच्या आधीपासून हे असंच चाललंय.

गोळीचा आवाज पडद्यामागे व्हायचा. बकाराम नावाचा त्यांचा तिसरा दोस्त तिथे तेलाच्या रिकाम्या पिप्याखाली दिवाळीतला सुतळी बॉम्ब ठेवून बसायचा. तोंडात बिडी पेटती ठेवायची आणि साहेबानं पिस्तूल रोखलं की ती वातीला लावायची. सोपं काम.

पण मागच्या वर्षी बॉम्ब सर्दावलेला निघाला! मामाजींनी लाकडी पिस्तूल रोखलं, उदेभाननं छाती पुढे केली, पब्लिकनं कानात बोटं घातली आणि काहीच नाही. मामाजींनी पुन्हा रोखलं. पुन्हा काही नाही. कानातली बोटं निघाली. शेवटी घाम पुसत मामाजींनीच तोंडानं म्हटलं, "ठो!"

उदेभान मेला, पण गाव त्याच्या आधी मेलं होतं. हसून हसून!

तेव्हापासून मामाजींचं नाव पडलं 'ठोसाहेब'. धानाच्या मिलवर ठोसाहेब, रेशनच्या रांगेत ठोसाहेब. म्हशी चारणारी पोरं लांबूनच "ठो!" करून झुडपात लपायची. ज्या माणसाच्या साहेबाला बघून लहान मुलं आईच्या पदरात शिरायची, त्याच्यावर ही पाळी!

"बाबा वर्षभर चौकात चहाले गेले नाही," दामिनी म्हणाली. "मायले म्हणे, यंदा नीट झालं तं झालं, नाई तं साहेबाची टोपी चुलीत टाकतो." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी घाईत शब्द देऊन बसतो. "दामिनी, यंदा मामाजींच्या पिस्तुलातून खऱ्या ठिणग्या उडतील! अख्खं गाव बघत राहील!"

दुसऱ्याच दिवशी पिस्तूल घेऊन वेल्डिंगवाल्या गुड्डूकडे गेलो. त्यानं ते वाकवून, ठोकून, हुंगून पाहिलं.

"भैया, पत्थर नकली है, प्लास्टिक का. और ये पाती जस्ते की. इससे चिंगारी नहीं, पसीना निकलेगा."

"मग काय करायचं?"

"पत्थर आप लाओ. पाती मैं लगाता हूँ."

मी नाल्यावरून गारगोट्या वेचून आणल्या. गुड्डूनं जुन्या कानशीचा तुकडा कापून पातीच्या जागी बसवला. गारगोटी चामड्यात गुंडाळून घोड्याच्या दातात आवळली. खटका दाबला आणि काय सांगू! ठिणग्यांचा असा फवारा उडाला की गुड्डू स्वतः वेल्डर असून मागे सरला.

"भैया! ये तो लाइटर है!"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. करायला नको होतं.

मंडईच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको गाडीनं निघालो. पिस्तूल करंज्यांच्या डब्यात, करंज्यांच्या खाली. दामिनी डबा पोटाशी धरून बसली होती. समोरच्या बाईनं प्रेमानं विचारलं, "फराळाचं हाये का वं?" तर दामिनी ओरडलीच, "नाई! काहीच नाई!" ती बाई पार दरेकशापर्यंत आमच्याकडे बघत होती.

घरी पोचलो तेव्हा मामाजी खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते. मी पिस्तूल काढलं. खटका दाबला. ठिणग्या!

मामाजी उठून उभे राहिले. पिस्तूल हातात घेतलं, धोतराला पुसलं आणि खणखणीत आवाजात आत हाक मारली, "सुशीला! टोपी काढ वं माही!"

सासूबाई आतून धावत आल्या. वर्षभरात तो आवाज कोणी ऐकला नव्हता. मला तर वाटलं, माझं काम झालं, आता परत गेलो तरी चालेल.

मग तालीम. मी म्हटलं, "मामाजी, याला दोन टक असतात. घोडा अर्धा ओढला की पहिली टक. ती विश्रांतीची. तिथे खटका दाबला तरी घोडा पडत नाही, म्हणजे चुकून गोळी सुटत नाही. पुरा ओढला की दुसरी टक. मग खटका."

"दोन टक, मंग खटका. समजलं."

"आणि लांब नका धरू. तोंडाजवळ आणा, एक डोळा मिटून नेम धरा. म्हणजे ठिणगीचा उजेड चेहऱ्यावर पडतो. साहेब कसा भेसूर दिसतो!"

"वा जवाई! डोकं हाये तुमाले!"

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानंतर ते मला कोणी म्हटलेलं नाही.

मंडईच्या दिवशी सकाळी बकाराम आला. बारीक अंगाचा, कानामागे बिडी. त्यानं पिस्तुलाची वाटी बघितली आणि त्याचे डोळे चमकले. "अगा, हे तं आमच्या बुढ्याच्या चकमकीवानी हाये!" त्यानं कुठूनसा सावरीचा कापूस आणला, चिमूटभर वाटीत ठेवला आणि खटका दाबला. ठिणगी पडली, कापूस लाल झाला, धूर निघाला. बकारामनं त्यावर बिडी टेकवून लांब झुरका घेतला.

झालं! अर्ध्या घंट्यात अंगणात रांग लागली. आमच्या भागात बिडी न ओढणारा म्हातारा शोधावा लागतो. ज्याला त्याला पिस्तुलानंच बिडी पेटवून हवी! काहींनी तर पेटलेली विझवून पुन्हा पेटवली. मामाजी स्वतः ऐटीत खटका दाबत होते. "या, या! साहेबाची बिडी!" वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या अंगणात माणसं जमली होती आणि कोणीही 'ठो' म्हणत नव्हतं. बकाराम तर इतका खूष झाला की त्यानं आपली काडीपेटी एका पाहुण्याला देऊन टाकली. "घेऊन जा भाऊ! आता आमाले कायले लागते? पिस्तूल हाये न!"

मी उभा राहून कौतुकानं बघत होतो. बकारामचं हे वाक्यही लक्षात ठेवा.

दुपार झाली. मामाजी रंगायला बसले. लाल कोट, गळ्यात पट्टा, पांढरी टोपी. सासूबाई हातात डिंकाची वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी साहेबाच्या तोंडावर दरवर्षीसारख्या मिशा चिकटवल्या. पांढऱ्याशुभ्र, भरघोस, थेट कानापर्यंत गेलेल्या. कशाच्या? सावरीच्या कापसाच्या!

आता मला सांगा. सकाळपासून अख्ख्या गावानं बघितलं होतं की या पिस्तुलाची ठिणगी या कापसावर पडली की काय होतं. त्यानंतर त्याच गावानं तोच कापूस साहेबाच्या नाकाखाली लावला आणि कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही! सासूबाईंच्या नाही, मामाजींच्या नाही, आणि पिस्तुलांच्या जाणकाराच्या तर नाहीच नाही. तो म्हणाला, "मामी, अजून थोडा लावा. भेसूर दिसलं पाहिजे."

दंडार सुरू झाली. मैदान गच्च भरलं होतं. जवाई म्हणून मला मान मिळाला, पडद्याआड, फटीतून स्टेज दिसेल असं, माईक धरून बसायचा. शेजारी पिपा, पिप्याखाली बॉम्ब. यंदाचा बॉम्ब सासूबाईंनी उन्हात वाळवून कडक केलेला. त्याच्याजवळ उकिडवा बसलेला बकाराम. नाच झाला, गाणी झाली, आणि साहेब आला.

"ए बागी! टुम सरकार का जंगल काटा! हम टुमको गोली मारेगा!"

मैदान चिडीचूप. तोच आवाज! पहिल्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं.

उदेभाननं सदरा फाडला. "मार साहेबा! ही छाती हाये! जंगल आमचं हाये!"

मामाजींनी पिस्तूल तोंडाजवळ आणलं, एक डोळा मिटला. टक. आणि खटका दाबला. घोडा हललाही नाही. पहिल्याच टकवर थांबले होते!

मैदानाच्या मागून कोणीतरी खुदकन हसलं. मामाजींचा उघडा डोळा माझ्याकडे वळला. त्या डोळ्यात मागचं सगळं वर्ष होतं हो.

"मामाजी, दुसरी टक!" मी पडद्याआडून फुसफुसलो.

"हम टुमको एक मौका डेटा!" मामाजी गरजले आणि घोडा पुरा ओढला. टक! अहाहा! काय सांभाळलं! पब्लिकला वाटलं असंच आहे. त्यांनी खटका दाबला.

आणि ठिणग्या उडाल्या! भर दिवसा साहेबाच्या तोंडाजवळ लालपिवळा फवारा! मैदानातून एकच "ओहोहो!" उठलं. मी आनंदानं बकारामच्या पाठीत धपाटा घातला. "लाव!"

बकाराम वातीवर बिडी टेकवून बसला होता. वात पेटत नव्हती. त्यानं बिडी उलटी करून बघितली.

"जवाईबापू, बिडी विझली."

"मग पेटव!"

"काडीपेटी हाये का?"

"मी बिडी ओढत नाही!"

"मंग पिस्तूल आना."

"पिस्तूल साहेबाच्या हातात आहे!!"

बकारामनं शांतपणे तोंड पाडलं. तिकडे स्टेजवर उदेभान छाती पुढे काढून उभा. मरावं की न मरावं, त्याला कळेना. मामाजी पिस्तूल रोखून तसेच. मैदानात ती मागच्या वर्षीची शांतता पसरायला लागली. मला दिसलं, मामाजींचे ओठ हलत होते. ते तोंड उघडणार होते. ते पुन्हा तेच म्हणणार होते, आणि मग टोपी चुलीत!

मला पुढचं नीट आठवत नाही. माझ्या हातात माईक होता, एवढं खरं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ठो!!!"

भोंगे चारही दिशांना बांधले होते. दरेकशाच्या डोंगरावरून आवाज परत आला, "ठो!"

उदेभान बिचारा सुटल्यासारखा पडला. मैदान फुटलं. हसण्याची नुसती लाट! आणि त्या लाटेतच सासूबाईंची किंकाळी आली, "अवं माय! मिशी जरून रायली!"

मी पडदा बाजूला केला. साहेबाच्या डाव्या मिशीतून धूर निघत होता. निवांत, एका सुरात, बकारामच्या बिडीसारखा. मामाजींना पत्ताच नाही! ते संवाद म्हणत होते. "टुम्हारा लाश जंगल में..." मग त्यांनी नाक ओढलं. पुन्हा ओढलं. डोळे तिरपे करून खाली बघितलं.

मेलेला उदेभान उठला. "अबे शालीक, थांब!" म्हणत त्यानं झडप घातली आणि डावी मिशी ओढून काढली. डिंक चांगला होता, मामाजी ओरडले, पण मिशी निघाली. उदेभाननं ती जमिनीवर टाकली. तेवढ्यात पडद्यामागून बकाराम धावत स्टेजवर गेला. मला वाटलं, मिशी विझवायला! छे! त्यानं ती उचलली, तिच्यावर बिडी टेकवली, झुरका घेतला, पाय देऊन मिशी विझवली आणि आला तसा परत गेला.

मैदानात माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होती. मी डोळे मिटून घेतले. मला दामिनीचं तोंड बघायची हिंमत नव्हती. सगळं माझ्यामुळे झालं होतं. पिस्तूल माझं, तोंडाजवळ धरायची अक्कल माझी, आणि 'ठो' सुद्धा माझंच.

पण डोळे उघडले तर स्टेजवर मामाजी उभे होते. अर्धी मिशी, काळा पडलेला गाल, सरळ कणा. त्यांनी टोपी नीट केली. हसणारं मैदान एका नजरेत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. आणि साहेबाच्या आवाजात गरजले, "हमारा मूंछ जला! मगर निशाना नहीं चूका!"

आणि पिस्तूल पुन्हा रोखलं.

धडाम!!!

उन्हात वाळवलेला बॉम्ब होता तो. पिपा उडाला, पडदा फाटला, झाडावरची वटवाघळं उठली. उदेभान असा पडला की आजपर्यंत कधी पडला नव्हता, दोन्ही पाय वर! आणि पब्लिक? पब्लिक उभं राहिलं! टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत! उदेभाननं मरता मरता जे भाषण करायचं होतं ते टाळ्यांत कोणाला ऐकूच आलं नाही. तो पडल्या पडल्या भाषण करत राहिला.

संध्याकाळच्या गाडीआधी मामाजी चौकात चहाला गेले. अर्ध्या मिशीसकट! सासूबाईंनी काढायला सांगितली तर म्हणाले, "राहू दे." पोरं मागे मागे पळत होती, "निशाना नहीं चूका!" ओरडत. म्हातारे उठून जागा देत होते. दामिनी दारातून बघत होती आणि रडत होती, आणि मलाही भरून आलं. पुढच्या वर्षी साहेब मामाजीच! पिस्तूल मी कुडव्याला परत नेलंच नाही. सासूबाईंनी ते चुलीजवळ खिळ्याला टांगून ठेवलंय, चूल पेटवायला बरं पडतं म्हणून. आमच्या भिंतीवरच्या खिळ्याला दामिनीनं कॅलेंडर लावलं. नवे पडदेही आले.

त्या संध्याकाळी मामाजी आम्हाला सोडायला स्टेशनवर आले. तिथे बाकावर त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ बसले होते, मंडईहून परतणारे. त्यांनी उठून मामाजींचा हात हातात घेतला.

"शालीकराम, काय काम केलं बा तू! वा!" मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोन?"

मामाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेनं त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता. खणखणीत आवाजात, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आमचे जवाई. ठो!"

"अरे वा! हेच का ते ठोजवाई!"

मी हात जोडून नमस्कार केला. काय करणार! आवाज माझाच होता.